लुबान, १९६६ आणि बोटीवरची खोटी वही

लुबान हे एका हंपबॅक व्हेलचं नाव आहे, मादी आहे ती. धुपाबरोबर आपण जो लोबान जाळतो त्याचा शब्द याच अरबी लुबानवरून आलाय, आणि तिच्या शेपटीवर लोबानाच्या फुलासारखी नक्षी दिसली म्हणून ओमानमधल्या संशोधकांनी तिला हे नाव दिलं. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी तिच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावला. तोवर ज्यांना टॅग लावले होते ते व्हेल ओमान-येमेनच्या किनाऱ्याजवळच घुटमळत राहिले होते, ही बया मात्र सरळ अख्खा अरबी समुद्र कापत गोव्याच्या बाहेर येऊन पोचली आणि मग किनारा धरून पार खाली भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली. असा प्रवास याआधी कधी नोंदलाच गेला नव्हता.

मला ही गोष्ट कळली तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला की मग हे देवमासे आपल्याला इतके कमी का दिसतात? जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे जाऊन पोटभर खातात आणि हिवाळ्यात गरम पाण्यात येऊन पिल्लं घालतात. अरबी समुद्रातले हे कुठेच जात नाहीत. मान्सूनच्या वाऱ्यांनी ओमानजवळ समुद्रातलं खोलवरचं थंड पाणी वर येतं, त्यात खाणं भरपूर, त्यामुळे बाराही महिने इथेच. जनुकांवरून असं दिसतं की बाकीच्यांपासून ते सुमारे ७० हजार वर्षं वेगळे पडलेत. आणि ओमानच्या किनाऱ्यावर मोजले तेव्हा अंदाज शंभराच्याही आतला आला.

याचं एक मोठं कारण १९६६ सालात आहे.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत युनियनचे व्हेल मारणारे ताफे अंटार्क्टिकाकडे निघाले होते आणि वाटेत अरबी समुद्रात थांबले. ताफा म्हणजे एक प्रचंड जहाज, ज्याच्यावरच व्हेल कापून तेल काढायचा कारखाना असतो, आणि त्याच्याभोवती शिकारी बोटी. अशा कारखाना-जहाजांनी हिंदी महासागरात ४० अंश दक्षिणेच्या उत्तरेला हंपबॅकसारखे व्हेल मारायला आंतरराष्ट्रीय नियमाने मनाई होती. तरीही ओमान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्याजवळ मिळून २४२ हंपबॅक मारले, त्यातले चार आदल्या वर्षीचे, बाकी सगळे त्या एका नोव्हेंबरात. आज जे कळप शंभरसुद्धा भरत नाहीत त्यातून २४२! जगाला द्यायच्या आकड्यात यांचा उल्लेखही नव्हता.

आणि हे काही एकाच ताफ्याचं पाप नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात दक्षिण गोलार्धात आपण २,७१० हंपबॅक मारले असं सोव्हिएत युनियनने कळवलं होतं, खरा आकडा ४८ हजारांच्या वर निघाला. बरं, भुकेपोटी म्हणावं तर तेही नाही, देशात व्हेलच्या मांसाला फार मागणीच नव्हती. वरून टार्गेट यायचं, ते ओलांडलं की बोनस, म्हणून मारत सुटले, कितीतरी जनावरांची वरची चरबी तेवढी काढून बाकीचं धूड समुद्रात ढकलून दिलं. दुसऱ्या देशाचे निरीक्षक बोटीवर यायला लागले १९७२ मध्ये, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हे सगळं बाहेर आलं ते सोव्हिएत युनियन कोसळल्यावर, आणि ते आलं बोटीवरच्या शास्त्रज्ञांमुळेच. युरी मिखालेव हे त्या वेळी ताफ्यावरचे जीवशास्त्रज्ञ. मारलेल्या व्हेलची लांबी, पोटातलं अन्न, मादीच्या पोटातला गर्भ, सगळं मोजून लिहून ठेवलं गेलं होतं. ती माहिती १९९७ मध्ये छापून आली. गर्भांच्या वाढीवरून कळलं की हे व्हेल दक्षिणेतून पाहुणे म्हणून येत नाहीत, त्यांचं विणीचं वेळापत्रक उत्तर गोलार्धातलं आहे, आणि पोटात सापडली तारली, बांगड्यासारखे मासे. म्हणजे हे देवमासे इथलेच आहेत याचा पहिला भक्कम पुरावा त्यांच्याच बेकायदा कत्तलीतून मिळाला. मला हे पचवायला जड जातं. तरी ती माहिती वापरूच नये असं मी म्हणणार नाही, ती वापरली नाही तर ते २४२ पुन्हा एकदा नसल्यासारखेच होतील.

म्हणून बंदी असताना देवमासे मारावेत का या वादात मी आधी एकच बघतो, समोरचा खरं मोजतोय का आणि खरं सांगतोय का.

आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने, म्हणजे व्हेलच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या संघटनेने, १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवर बंदी ठरवली आणि १९८५-८६ पासून ती लागू झाली. नॉर्वेने तेव्हाच हरकत नोंदवली होती, १९९३ पासून ते उघडपणे मारतात. जपानने दुसरी वाट धरली, संशोधनासाठी मारतोय म्हणायचं आणि मांस बाजारात विकायचं, नियमात तशी सूट होती. ऑस्ट्रेलियाने कोर्टात खेचलं आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की अंटार्क्टिकातला हा कार्यक्रम संशोधनासाठीचा धरता येत नाही. २०१९ मध्ये जपान कमिशनमधून बाहेर पडला आणि आता स्वतःच्या समुद्रात व्यापारासाठी म्हणूनच मारतो. मला ते मान्य नाही, पण निदान आता जे करतात त्याला तेच नाव देतात.

आइसलँडची गोष्ट यापेक्षा जास्त हलवून टाकते. २०२२ मध्ये तिथे १४८ फिन व्हेल मारले, आणि सरकारी खात्याने शिकारीचे व्हिडिओ घेऊन त्यातल्या ५८ व्हेलना मरायला किती वेळ लागला ते तपासलं. हारपून म्हणजे मोठा भाला, तो तोफेतून सुटतो, टोकाला ग्रेनेड असतो, तो अंगात शिरल्यावर फुटतो. मेंदूजवळ किंवा हृदयाजवळ फुटला तर जनावर लगेच जातं. पण बोट हलतीये, लाटा आहेत, आणि जनावर श्वासापुरतं काही सेकंद वर येतं. तपासलेल्या ५८ पैकी साधारण ६० टक्के व्हेल लगेच मेले. एकूण १४८ पैकी ३६ व्हेलना एकापेक्षा जास्त हारपून मारावे लागले. जे लगेच मेले नाहीत त्यांना मरायला लागलेल्या वेळेचा मधला आकडा होता साडेअकरा मिनिटं, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त वेळ लागला. भाताचा कुकर गॅसवर ठेवल्यापासून तीन शिट्ट्या होईपर्यंत जेवढा वेळ जातो ना, जवळपास तेवढा वेळ, पोटात फुटलेला ग्रेनेड घेऊन. एकाला दोन तास लागले. ११ माद्या गाभण होत्या.

फिन व्हेल तिथे पुरेसे आहेत, कोटा शास्त्रीय आहे, हा युक्तिवाद मी ऐकलाय आणि तो खोटा आहे असंही मी म्हणत नाही. पण संख्या पुरेशी आहे एवढ्याने तो दोन तासांचा मृत्यू योग्य ठरत नाही. कत्तलखान्यात एखादं जनावर दोन तास तडफडलं तर त्या कत्तलखान्याचा परवाना राहील का? हा अहवाल आल्यावर आइसलँडच्या मंत्र्यांनी जून २०२३ मध्ये शिकार थांबवली, सप्टेंबरमध्ये कडक अटींवर ती परत सुरू झाली.

याउलट अलास्कातले इनुपियात लोक. त्यांच्या बोहेड व्हेलच्या शिकारीला मी विरोध करू शकत नाही. मांस विकत नाहीत, गावात वाटतात, आणि बर्फाळ किनाऱ्यावर हजारो वर्षं तेच जेवण आहे. १९७७ मध्ये कमिशनने त्यांचा कोटा शून्य केला, कारण शास्त्रज्ञांच्या मते बोहेड फार तर दोनेक हजार उरले होते. शिकारी म्हणाले, तुम्ही उघड्या पाण्यात दिसणारेच मोजताय, हे प्राणी बर्फाखालून जातात, पातळ बर्फ डोक्याने फोडून श्वास घेतात. मग पाण्यात मायक्रोफोन सोडून आवाजावरून मोजणी झाली आणि शिकारी बरोबर निघाले, २०११ मधला अंदाज १६ हजारांच्या पुढचा आहे. २००७ मध्ये त्यांनी मारलेल्या एका बोहेडच्या हाडात जुन्या स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला, अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनलेला. त्या माराने तो मेला नव्हता, नंतर शंभराहून जास्त वर्षं पोहत राहिला.

अरबी समुद्रातल्या हंपबॅकच्या मागे आज हारपून नाही, पण मासेमारीची जाळी आणि मोठ्या जहाजांच्या वाटा आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाण्याखाली लावलेल्या मायक्रोफोनमध्ये त्यांची गाणी रेकॉर्ड झालीत. हंपबॅकमध्ये नर गातात आणि एका समुद्रातले सगळे साधारण एकच गाणं म्हणतात. अरबी समुद्रातलं गाणं दक्षिण हिंदी महासागरातल्या गाण्याशी जुळत नाही.