स्टिअरिंग जड झालं म्हणजे पकड वाढली असं नव्हे

गाडीतलं बटण दाबून स्पोर्ट मोड लावला की स्टिअरिंग हाताला जड लागतं आणि गाडीनं रस्ता घट्ट धरल्यासारखा वाटतो. कोरड्या समृद्धी महामार्गावर या समजानं फारसं बिघडत नाही. पण पेरण्या आटोपल्यावर वर्धा, यवतमाळ, वाशीमकडचे गावरस्ते आठवा. शेतातून निघालेला प्रत्येक ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सोडत जातो, वरून पावसाची भुरभुर असते. अशा रस्त्यावर तो जडपणा माणसाला फसवतो.

आजच्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते. मोठ्या संख्येनं विकल्या गेलेल्या गाडीत ही सोय पहिल्यांदा आली ती १९८८ साली, जपानमध्ये, सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत. स्टिअरिंगच्या दांड्यात पोलादाची एक बारीक सळई असते. आपण स्टिअरिंग फिरवलं की ती किंचित पिळली जाते. हा पीळ सेन्सर मोजतो, सोबत गाडीचा वेग बघितला जातो, आणि मोटरनं किती जोर लावायचा ते संगणक एका ठरलेल्या कोष्टकावरून काढतो. गाडी लावताना भरपूर मदत, ताशी १०० किलोमीटरला अगदी थोडी. मोड बदलल्यावर हे कोष्टक बदलतं, एवढंच. स्पोर्टमध्ये मदत कमी म्हणून जड, सिटीमध्ये जास्त म्हणून हलकं. काही गाड्यांत तर तेही बदलत नाही, फक्त अॅक्सिलरेटरचा स्वभाव बदलतो. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण मात्र कुठल्याच मोडनं वाढत नाही.

हाताला खरी बातमी मिळते ती टायरकडून. वळणावर चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि चाक प्रत्यक्षात जातं किंचित दुसरीकडे. या फरकामुळे टायरचा जमिनीला टेकलेला भाग पिळला जातो, आणि बाजूचा जोर त्या भागाच्या बरोबर मध्यावर न लागता थोडा मागे लागतो. म्हणून चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं. वळण संपताना स्टिअरिंग आपोआप परत येतं त्यात या ओढीचा मोठा वाटा असतो.

या ओढीचा एक गुण प्रत्येक चालकाला ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं. पकड संपण्याच्या आधीच ती कमी होऊ लागते. कोरड्या डांबरावर चाकाचं तोंड आणि चाकाची दिशा यांत साधारण ३ ते ५ अंशांचा फरक पडला की ओढ कळसाला पोचते. बाजूची पकड त्यापुढेही, ६ ते १० अंशांपर्यंत, वाढत राहते. म्हणजे वळणात स्टिअरिंग हलकं पडू लागलं, तर टायर आपल्याला वेळेआधी सावध करतोय. ओल्या मातीवर हे सगळं लवकर आणि बारीक होतं. सावध होण्याची वेळही अगदी थोडी उरते. मदत कमी केली की ही ओढ थोडी जास्त हाताशी येते हे खरं. पण बऱ्याच गाड्यांत त्यावर कृत्रिम जडपणाही चढवलेला असतो, आणि तो डांबरावरही तेवढाच, चिखलावरही तेवढाच.

आता ट्रॅक्शनकडे, म्हणजे गाडी ओढायला चाकाला मिळणाऱ्या पकडीकडे वळू. टायरची पकड एकच असते. तीच गाडी ओढायला लागते आणि तीच वळवायला. शाळेतला पायथागोरस इथे कामी येतो: ८० टक्के पकड ओढण्यात खर्च झाली तर वळण्यासाठी ६० टक्के उरते, आणि सगळी ओढण्यात गेली तर वळायला काहीच उरत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या आहेत. त्यांचं पुढचं चाक जागेवर गरगरू लागलं की स्टिअरिंग पोकळ लागतं, फिरवा कितीही, गाडी सरळच जाते. ट्रॅक्शन कंट्रोल हे गरगरणं ओळखून इंजिनाचा जोर कमी करतं, किंवा त्या चाकाला ब्रेक लावतं. त्यातून वाचलेली पकड वळण्यासाठी परत मिळते. बोलेरोसारख्या मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाडीत गोष्ट वेगळी. तिथे स्टिअरिंग शेवटपर्यंत ठीक लागतं आणि मागचा भाग बाजूला फेकला जातो.

आणि आपली माती साधी नाही. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. तीच उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, सोडियममुळे मातीचे कण आणखी सुटे होतात आणि ओली माती जास्तच निसरडी होते. शिवाय ही माती टायरच्या खाचांत बसते. खाचा बुजल्या की नव्या टायरचाही उपयोग नाही.

हा चिखल दोन तऱ्हांचा असतो, आणि बटण निवडताना हीच गोष्ट महत्त्वाची. डांबरावर पसरलेला पातळ थर म्हणजे एक. इथे खाली कडक रस्ता आहे, वर निसरडं आहे, चाक गरगरून काहीच हाती लागत नाही. ह्युंदाई क्रेटाच्या काही मॉडेलांत 'स्नो' (बर्फ), 'मड' (चिखल), 'सँड' (वाळू) अशी निवड असते. विदर्भात 'स्नो' कशाला, असं वाटेल. पण या थरावर नेमकं तेच उपयोगाचं. त्यात जोर सावकाश येतो आणि चाक घसरताच आवरलं जातं. टाटा हॅरियरमधला 'वेट' मोडही याच कामाचा. दुसरा चिखल पांदण रस्त्यावरचा, टोंगळाभर. तिथे चाकानं थोडं गरगरायलाच हवं, तेव्हाच खाचांतली माती बाहेर फेकली जाते. ट्रॅक्शन कंट्रोलनं ऐनवेळी जोर कापला तर गाडी तिथेच फसते. म्हणून 'मड' मोड जास्त गरगरणं चालवून घेतो, आणि तो नसेल तर तेवढ्यापुरतं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं. बाहेर निघाल्यावर ते लगेच चालू करायचं.

समोरून ट्रक आला की एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागतात. उजवं चाक डांबरावर, डावं ओल्या मातीत. आता जोरात अॅक्सिलरेटर दाबला तर डावं चाक गरगरतं, ट्रॅक्शन कंट्रोल त्याला ब्रेक लावून जोर उजवीकडे पाठवतं, आणि उजव्या बाजूच्या जास्त ओढीनं गाडीचं नाक डावीकडे, शेताकडे वळू बघतं. घाबरून ब्रेक दाबला तर उलट: डांबरावरचं चाक जास्त थांबवतं आणि नाक ट्रकच्या दिशेनं जातं. स्टिअरिंगला बसणारे हे हिसके म्हणजे स्टिअरिंगचा बिघाड नव्हे. ट्रक यायच्या आधीच वेग कमी करावा, चाकं उतरल्यावर पाय अलगद ठेवावा.

चारही चाकांना जोर देता येणारी थार किंवा जिम्नी असणाऱ्यांसाठी आणखी एक. या गाड्या फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर मिळेल अशा टाकल्या की पुढचा आणि मागचा अॅक्सल (दोन्ही बाजूंची चाकं फिरवणारा दांडा) एकाच गतीनं फिरायला बांधले जातात. पण वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक मिटवतात. डांबरावर ती घसरत नाहीत, आणि पीळ शाफ्ट व गिअरमध्ये साचतो. स्टिअरिंग आखडतं, गाडी वळणात अडखळत चालते. पांदण सोडून डांबरावर आल्यावर असं जाणवलं की टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर यायचं. लिव्हर अडला तर गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, पीळ सुटतो आणि लिव्हर सरकतो.