खेटा वेगळा, चैत्र यात्रा वेगळी

पुण्याच्या भाच्याचा फोन आला. "मामा, या रविवारी जोतिबाच्या खेट्याला येतोय. सासनकाठ्या किती वाजता निघतात?" त्याला म्हटलं, बाबा, खेट्याला ये, जरूर ये, पण गावोगावच्या त्या उंच सासनकाठ्या बघायच्या असतील तर चैत्र पौर्णिमेपर्यंत थांबावं लागेल. डोंगर तोच, देव तोच, चांगभलंही तेच. म्हणून बाहेरच्या माणसाची गल्लत होते. आता तर आमच्या कोल्हापुरातली नवी पोरंही दोन्हीला सरसकट 'यात्रा' म्हणायला लागलीत.

आधी खेटे. कचेरीत दाखल्यासाठी आपण खेटे घालतो, तोच हा शब्द. पुन्हा पुन्हा एकाच दाराशी जायचं. माघात सुरू होतात, पाच रविवार चालतात. शिमगा मध्येच येऊन जातो. कथा अशी सांगतात, की रत्नासुराला मारून काम फत्ते झाल्यावर जोतिबा हिमालयाकडे परत निघाला. ते कळल्यावर अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि राहा म्हणून त्याला विनवलं. देव राहिला. तिची ती पायपीट कोल्हापूरकर दर वर्षी पुन्हा करतात.

म्हणून खऱ्या खेट्याला पायात चप्पल नसते. पहाटेच्या अंधारात पंचगंगेच्या घाटावर अंघोळ, शिवाजी पूल ओलांडायचा, मग वडणगे, कुशिरे आणि गायमुखाची चढण. वडणग्यापर्यंत गप्पा जोरात असतात. कुशिऱ्याच्या पुढे रस्ता चढायला लागला की खडी टोचायला लागते आणि माणसं गप्प होतात. मग अंधारातून कुणीतरी "जोतिबाच्या नावानं" म्हणतं आणि पुढचे-मागचे सगळे "चांगभलं" म्हणून पाय उचलतात. आमच्या गल्लीतल्या एक काकू पाचही रविवार जातात, पण येताना वडापच्या जीपनं येतात. "देवीला आणायला कोण जीप घेऊन गेलं होतं?" असं कुणी चिडवलं की म्हणतात, "जायचं चालत असतंय, यायचं कसं ते कुणी सांगितलंय?" मला तरी त्यांचं पटतं.

खेट्याला ना निमंत्रण, ना मानपान. कुणी नवसाला जातं, कुणी नुसतं सवयीनं. खेटा ज्याचा त्याचा.

चैत्र पौर्णिमेचं तसं नाही. तिथं माणसापेक्षा गाव येतं. सातारा, कऱ्हाड, सांगलीकडून, मराठवाड्यातून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून, ज्यांचं ज्यांचं जोतिबा कुलदैवत ते सगळे. ग्वाल्हेरचे शिंदेही त्यातलेच. मूळ साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. आजचं मुख्य देऊळ 1730 साली राणोजी शिंद्यांनी बांधलं आणि शेजारचं केदारेश्वराचं 1808 मध्ये दौलतराव शिंद्यांनी. रामलिंगाचं देऊळ मात्र 1780 चं, पन्हाळ्याच्या मालजी निलम यांनी बांधलेलं.

गावाची खूण म्हणजे सासनकाठी. तीस-चाळीस फुटी कळक, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड आणि शेंड्यापासून खाली सोडलेले दोर. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काठी ज्याच्या अंगावर तोच पैलवान. जवळ उभं राहिलं की कळतं, खरं काम दोर धरणाऱ्यांचं. हलगीच्या ठेक्यावर काठी नाचवताना ती एका बाजूला कलली, की समोरचा गडी दोर मनगटाला पिळून अख्खं अंग मागं टाकतो. त्याच वेळी वरून गुलाल येतो, डोळ्यांत जातो, पण हात सोडून डोळे चोळायची सोय नसते. गुलालाबरोबर खोबऱ्याचे तुकडेही येतात आणि डोक्यात चांगलेच लागतात. भाच्याला टोपी आणायला सांगितलीय.

काठ्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिला मान साताऱ्याकडच्या निनाम पाडळीचा, मागोमाग पाटण तालुक्यातल्या विह्याची काठी. मानाच्या बाबतीत गावं किती हळवी असतात ते वेगळं सांगायला नको. संध्याकाळी तोफेची सलामी होते आणि देवाची पालखी यमाईदेवीच्या देवळाकडे निघते. तिथं यमाईचं जमदग्नीशी लग्न लागतं, नवरदेवाच्या जागी कट्यार असते. देवाला दवणा वाहतात, त्याचा वास गुलालातूनही येत राहतो.

थोडक्यात भाच्याला एवढंच सांगितलं, की खेट्याला कोल्हापूर डोंगरावर जातं आणि चैत्रात सगळा मुलूख डोंगरावर येतो. गंमत म्हणजे त्या पौर्णिमेला बरेच कोल्हापूरकर घरीच थांबतात. पाहुण्यांच्या गर्दीत कशाला शिरा, आपले पाच रविवार झालेत, म्हणतात.

भाच्यानं विचार करून पुन्हा फोन केला. दोन्हीला येणार म्हणाला. खेट्याला बूट चालतील का, हेही विचारलं.