कोल्ड स्टोरेजचं दार आणि मुठीएवढी झडप

किराणा दुकानातला आडवा डीप फ्रीजर सगळ्यांनी बघितलाय. आईस्क्रीम काढलं, झाकण लावलं, आणि लगेच आठवलं की अजून एक कप हवाय, तर झाकण उघडतच नाही, दोन्ही हातांनी ओढावं लागतं. मिनिटभर थांबलं की तेच झाकण सहज उघडतं. यावर ठरलेलं उत्तर म्हणजे 'रबर चिकटतं हो' किंवा 'आत लोहचुंबक असतं ना'. चुंबक असतं काही ठिकाणी, पण ते मिनिटभराने कमजोर होत नाही. मग मधल्या काळात बदललं काय? आतल्या हवेचा दाब.

आता हाच प्रकार एका अख्ख्या खोलीला लावा. तळोज्याला मासळी एक्स्पोर्टचे कारखाने आहेत किंवा फ्रोजन मटारचे प्लांट असतात, तिथे उणे 18 अंशाच्या चेंबरला पफ पॅनलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) जाडजूड दार असतं. मला या दारांचं फार कौतुक आहे, कारण यातली खरी हुशारी मोठ्या मशिनरीत नाही, अगदी बारक्या गोष्टींत आहे.

दार उघडलं की काय होतं ते आधी बघू. गार हवा जड, ती खालून बाहेर वाहते, आणि वरच्या अर्ध्या भागातून बाहेरची गरम हवा आत शिरते. बाहेर 30 अंश असेल आणि दार 1 मीटर रुंद, 2 मीटर उंच असेल तर सेकंदाला साधारण पाऊण घनमीटर हवा अशी बदलते, पंखा नाही, वारा नाही, नुसत्या वजनातल्या फरकाने. दमट दिवशी या हवेच्या प्रत्येक घनमीटरात 18 ग्रॅमच्या आसपास वाफ असते आणि उणे 18 ला हवेत जेमतेम 1 ग्रॅम मावते. बाकीची जाणार कुठे, कॉइलवर, म्हणजे खोली थंड करणाऱ्या नळ्यांवर, बर्फ होऊन बसते. म्हणजे दार मिनिटभर सताड उघडं राहिलं तर पाऊण किलो पाणी आत आलं असं समजा. म्हणूनच दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावतात, आणि तोंडावर फटके बसतात म्हणून माल चढवणारी माणसं त्या पट्ट्या बांधून बाजूला करून ठेवतात, की पडदा असून नसल्यासारखा!

आता दार बंद केलं. आत शिरलेली गरम हवा भराभर थंड व्हायला लागते आणि इथे शाळेतला नियम कामाला येतो, की जागा तेवढीच असेल तर वायूचा दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो. उणे 18 म्हणजे 255 केल्व्हिन. हवेचा दाब साधारण 1 लाख पास्कल. भागाकार करा, एका अंशाला जवळजवळ 400 पास्कल आले. आकडा किरकोळ वाटतो, पण 400 पास्कल म्हणजे दर चौरस मीटरला 40 किलो वजनाएवढा जोर, आपलं दार 2 चौरस मीटरचं, म्हणजे आतली हवा नुसती एक अंश थंड झाली तरी बाहेरची हवा त्या दारावर 80 किलोने रेलते. आणि अर्धा मिनिट दार उघडं राहिलं तर 100 घनमीटरच्या खोलीतल्या हवेचं तापमान सहज 7-8 अंश चढू शकतं. खोली खरोखर शंभर टक्के हवाबंद असती तर ते परत उतरताना दारावर सहाशे किलो आणि 20 चौरस मीटरच्या भिंतीवर सहा टन! प्रत्यक्षात कुठून तरी फट असते म्हणून एवढं होत नाही, पण पॅनल आत वाकल्याच्या, जोड उघडल्याच्या घटना होतात त्या यामुळेच. डिफ्रॉस्टच्या, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवायच्या, वेळी उलटं, कॉइल तापते, हवा फुगते, जोर बाहेरच्या दिशेने.

त्यामुळे 'आमचं चेंबर एकदम एअरटाइट' अशी जाहिरात कोणी केली की मी पहिलं विचारतो, मग प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह कुठंय? भिंतीत बसवलेली मुठीएवढी वस्तू असते ही (मोठ्या खोलीला मोठी किंवा जास्त लागतात). आत दोन हलक्या झडपा, एक आत उघडणारी, एक बाहेर. दाबात थोडा फरक पडला की हवा जाऊ देतात, फरक मिटला की आपोआप मिटतात. आणि त्यातलीही बारीक गोष्ट म्हणजे तिचा छोटा हीटर. आत येणारी हवा दमट, झडप गार, हीटर नसेल तर ती झडप स्वतःच गोठून बसणार आणि ज्या कामासाठी लावली तेच बंद.

दाराच्या चौकटीतही गॅस्केटच्या (दाराच्या कडेच्या रबरी पट्टीच्या) मागून अशीच हीटरची तार फिरवलेली असते, नाहीतर कडेला दव धरून दार चौकटीला गोठतं. म्हणजे दार अडकायची कारणं दोन, बर्फ आणि दाब, आणि ओळखायची खूण सोपी. थोडं थांबल्यावर उघडलं तर दाब, नाहीच उघडलं तर बर्फ. गॅस्केटचं रबरही बघून घ्यावं लागतं, साधं पीव्हीसी थंडीत कडक होतं, सिलिकॉन उणे 40 लाही मऊ राहतं.

हँडल बघा. 80 किलोचा जोर पूर्ण दारावर पसरलेला, एका बाजूला बिजागरी, म्हणजे दुसऱ्या कडेला 40 किलो ओढायचे. पण दार सगळं उघडायची गरजच नसते, कड दोन-तीन मिलिमीटर सुटली की हवा आत घुसते आणि दाब संपतो. म्हणून हँडलला तरफ असते, जी पहिल्या झटक्यात फक्त कड उचकटते. दहाला एक अशी तरफ असेल तर 40 किलोचे 4 होतात. आतल्या बाजूला अंधारात चमकणारी मूठ असते, बाहेरून कुलूप असलं तरी ती ढकलून आतला माणूस बाहेर येऊ शकला पाहिजे. यात काटकसर करणाऱ्या मालकाला माफी नसावी.

बिजागरीही साधी नसते, तिरकी कापलेली असते. दार उघडताना सेंटिमीटरभर वर चढतं, त्यामुळे खालचं रबर फरशीला घासत नाही, आणि सोडलं की स्वतःच्या वजनाने खाली उतरत बंद होतं. सरकत्या दाराला हेच काम रुळातल्या खाचा करतात, शेवटच्या काही इंचांत दार खाली आणि चौकटीकडे दाबलं जातं.

दार सारखं अडकतं, माणसं आत सापडतात म्हटल्यावर दारावर लिंबू-मिरची, नारळ, वास्तुवाल्याला बोलावणं असले उपाय सुरू होतात, दाराची दिशा बदला म्हणून सांगणारेही भेटतात. ऊन थेट पडतं का एवढा मुद्दा सोडला तर दार पूर्वेला आहे की दक्षिणेला यावरून आतल्या दाबात एका पास्कलचाही फरक पडत नाही, आणि त्या खर्चात तीन-चार हीटर बदलून होतात. तपासणी फुकट आहे. दार अर्धा मिनिट उघडं ठेवा, बंद करा आणि लगेच बाहेरून व्हॉल्व्हच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी आत ओढली गेली तर व्हॉल्व्ह चालू. हलली नाही तर आधी हात लावून बघा कोमट लागतोय का, लागत नसेल तर हीटर गेलाय, इलेक्ट्रिशियनला बोलवा.