नाक बाहेर जातं म्हणून पुढची स्प्रिंग कडक करू नका

बेळगाव-खानापूरकडे अजूनही सांगतात: वळणावर स्टिअरिंग वळवूनही गाडीचं नाक बाहेर जातं, तर पुढची स्प्रिंग कडक करा. होतं उलटंच. पुढचा भाग कडक केला की वळणात आतल्या पुढच्या चाकावरचं वजन जास्त प्रमाणात बाहेरच्या चाकावर जातं. दोन्ही टायरांची मिळून पकड घटते, नाक आणखी बाहेर.

आधी टायर थंड असताना हवा गाडीवरच्या टायर-प्रेशरच्या स्टिकरप्रमाणे भरा, अलाइनमेंट बघा. मग अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडून गाडीचं कलणं कमी करणारा दांडा. ॲडजस्टेबल असेल तर पुढच्या बारची लिंक (बारला सस्पेन्शनशी जोडणारी काडी) बारच्या टोकाकडच्या भोकात लावा. बार मऊ होतो. एका वेळी एकच बदल. मागचा बार मात्र अति कडक नको: चोर्ला घाटातल्या ओल्या वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.