ओटू सेन्सर बदलण्याआधी गंज बघा

कोकणात गाडी म्हातारी होते ती खालून. वर रंग चकचकीत असतो, पण सायलेन्सरचे जोड, नटबोल्ट आणि वायरिंगचे कपलर खाऱ्या हवेत कधीच हरलेले असतात. मालवण, गुहागर, हर्णै अशा किनाऱ्यावरच्या गावांत काही पावसाळे काढलेल्या गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटतो, गॅरेजमध्ये दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लागतो आणि ‘ओटू सेन्सर’, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, ‘गेला’ असं निदान निघतं. काही हजार रुपयांचा सेन्सर येतो, बसतो, दिवा विझतो. मग एखादा घाट चढला की पुन्हा पेटतो. स्कॅनर खोटं बोलत नसतो. त्याने सांगितलेलं असतं ते ‘सेन्सरकडून येणारा निरोप विचित्र आहे’ एवढंच. निरोप विचित्र का, हे शोधायचं काम माणसाचं.

हा सेन्सर नेमकं मोजतो काय? शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला थोडी कमी, साधारण साडेतेरा किलो पुरते. प्रमाण बरोबर असेल तर धुरात ऑक्सिजन जवळपास उरत नाही; पेट्रोल कमी पडलं तर उरतो. इंजिनातून निघणाऱ्या पाइपात बसवलेला सेन्सर हा उरलेला ऑक्सिजन हुंगतो.

त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची, म्हणजे एका सिरॅमिकची पोकळ टोपी असते. तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरून गरम धूर लागतो, आत आपली नेहमीची हवा असते, जिच्यात २१ टक्के ऑक्सिजन. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर या सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन बाजूंमधल्या फरकातून वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन नसेल, म्हणजे मिश्रण ‘रिच’ असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट, ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे ‘लीन’, तर ०.१ व्होल्ट. या विजेचं गणित वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच मांडलं होतं. गंमत म्हणजे पुढे त्याने विजेचा दिवा बनवला, त्यातही झिर्कोनियाच वापरलं. मोटारीत हा सेन्सर यायला मात्र १९७६ उजाडलं. कॅलिफोर्नियाचे धुराचे कडक नियम पाळायला व्होल्वोने तो पहिल्यांदा बसवला, बनवला होता बॉशने.

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, हे व्होल्ट वाचून नोझलमधून पडणारं पेट्रोल सतत कमीजास्त करतो. त्यामुळे निरोगी सेन्सरचा व्होल्टेज चालत्या गाडीत वरखाली उड्या मारत राहतो. म्हातारा सेन्सर याच उड्या आळसाने मारतो किंवा मधेच अडकून बसतो. काही नव्या गाड्यांत वाइडबँड सेन्सर असतो. त्याचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं, त्याला ही व्होल्टची परीक्षा लावू नये.

सेन्सर खरोखरच गेला तर ईसीयू ठरलेल्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, आणि सहसा जरा सढळ हाताने. अ‍ॅव्हरेज पडतो, आयडलिंगला इंजिन थरथरतं, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी धरते, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर जातो. बीएस-४ या धुराच्या निकषाच्या आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलला ०.३ टक्केच मुभा आहे. आंबा किंवा कुंभार्ली घाटात पिकअप मेल्यासारखा वाटतो. याकडे फार दिवस दुर्लक्ष केलं तर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळू शकतो. त्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते.

पण हीच लक्षणं सेन्सर ठणठणीत असतानाही दिसतात, आणि इथे गंजाचा संबंध येतो. इंजिनाचा धूर पाइपातून धक्क्याधक्क्याने जातो. दोन धक्क्यांच्या मधे आतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या पाइपाच्या, गॅस्केटला किंवा सेन्सरच्या आधीच्या जोडाला गंजून फट पडली असेल तर तेवढ्यात बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो प्रामाणिकपणे ‘लीन’ सांगतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. नवा सेन्सरही तेच सांगणार. मागच्या डब्याला भोक पडलं तर आवाज गावभर होतो, पण पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरला त्याने फरक पडत नाही. फट हवी ती त्याच्या आधी किंवा अगदी जवळ.

प्लग मिसिंग असेल, म्हणजे ठिणगी मधेच चुकत असेल, तरी असाच घोटाळा. पेट्रोल जळलं नाही, ऑक्सिजनही वापरला गेला नाही, दोन्ही पाइपात आले. सेन्सरला पेट्रोल ओळखता येत नाही, फक्त ऑक्सिजन कळतो. म्हणून तिथेही उत्तर ‘लीन’.

तिसरा संशयित कपलर. निरोप एका व्होल्टच्या आतला असल्यामुळे पिनांवर थोडा हिरवा गंज धरला तरी त्यात गडबड होते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर कपलरमध्ये ग्रीस भरायची पद्धत आहे. इतर ठिकाणी ती ठीक, इथे नको. सेन्सरच्या आतली ताजी हवा बऱ्याच बनावटींत वायरच्या आवरणातून येते. ग्रीसने ती वाट बुजली की सेन्सर तुलना कशाशी करणार? याच कारणाने त्या वायरींना डाग देऊन जोडही मारत नाहीत. शिवाय पावसात उबेला बॉनेटखाली शिरलेले उंदीर आहेतच. आधी वायर कुरतडलेली नाही ना, ते बघावं.

स्कॅनरच्या कोडवरूनही बरंच कळतं. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. सेन्सर लवकर तापावा म्हणून त्यात छोटा हीटर असतो, तो जळतो. फ्यूज आणि वायर ठीक असून हा कोड येत असेल तर सेन्सर बिनधास्त बदलावा. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन; तिथे सेन्सरला हात लावण्याआधी फट आणि व्हॅक्यूमचे पाइप तपासायचे. पी०४२० कन्व्हर्टरबद्दल असतो. तो आला म्हणून कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर बदलणं हे मला वाटतं सगळ्यांत वाया जाणारं काम.

बदलायचाच ठरला तर अवघड भाग एकच, जुना सोडवणं. खाऱ्या हवेत आटे पाइपाशी एकजीव होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं, सकाळी इंजिन थोडं कोमट करावं आणि २२ च्या पान्याने किंवा सेन्सरसाठी मिळणाऱ्या फटीच्या सॉकेटने सावकाश सोडवावा. हट्टाने जोर लावला तर पाइपातले आटे निघतात आणि मग लेथवाल्याकडे फेरी. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा वंगण लावलेलंच येतं. ते टोकाला लागू देऊ नये. हातातून पडला तर आतलं सिरॅमिक तडकू शकतं, त्यामुळे पडलेला सेन्सर दुकानदाराने स्वस्तात दिला तरी घेऊ नये. इंजिनाच्या कामात वापरलेल्या साध्या सिलिकॉन सीलंटची वाफही त्याला मारते, टोकावर पांढरा थर बसतो. जुना सेन्सर पेट्रोलने धुऊन परत बसवण्याचा उपाय माझ्या मते वेळेचा अपव्यय आहे.

पुराची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी आलं तर ते तडकतं, आणि गाडी थंड असली तरी गाळाचं पाणी वायरीतून ताज्या हवेच्या कप्प्यापर्यंत पोचू शकतं. जुनी गाडी घेताना शंका असेल तर सेन्सरचा कपलर उघडून बघावा. वरून कितीही धुतलं तरी पिनांच्या मुळाशी गाळ राहतो.