बसून चालवायचं लॉन मोवर कधी चालू होतं, कधी नाही? फोन करायच्या आधी हे बघा

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. सकाळी एका चावीत चालू, दुपारी जेवून आलो तर ढिम्म, आणि टेम्पोत घालून वर्कशॉपला आणलं की पहिल्याच सेल्फला सुरू, मग माळीबुवा आमच्याकडे बघतात आणि आम्ही त्यांच्याकडे. अशा वेळी लगेच नवी बॅटरी नाहीतर नवा स्टार्टर घेऊन मोकळे होऊ नका. अधूनमधून नखरे करणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट असतो, पार्ट बरे असतात.

चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं ते आधी नीट ऐका.

काहीच आवाज नाही, तर ब्रेक पेडल पूर्ण दाबलंय का आणि ब्लेडचं बटण बंद आहे का ते बघा. दोन्हीला सेफ्टी स्विच असतात, सीटखालीही एक असतो आणि तिथं पावसाचं पाणी गेलं किंवा मुंग्यांनी घर केलं की गंज धरून मधूनच कॉन्टॅक्ट तुटतो. सीटखालच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात का तेही बघून घ्या, शेडमध्ये उभ्या मशीनला हे हमखास. पण वायर जोडून सीटचा स्विच बायपास करू नका प्लीज, माणूस खाली पडला तर ब्लेड थांबवणारा तोच आहे.

नुसता "टक" आवाज आला तर इथं जरा वेळ घालवा, कारण निम्मी भानगड इथंच सापडते. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी काळी केबल, मग लाल अशी काढा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, पॉलिश पेपर मारा आणि आवळून बसवा, बसवताना लाल आधी. काळी केबल चासीला जिथं बोल्टनं बसते तिथं मात्र कुणी बघतच नाही. एका फार्महाऊसवाल्यांनी वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि शेवटी त्या बोल्टखाली निघाला गंजाचा पापुद्रा, दहा मिनिटांचं काम. तुम्हालाही तपासता येईल, गिअर न्यूट्रल आणि ब्रेक लावून जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, सेल्फ एकदम जोरात फिरला तर अर्थिंगच खराब. एवढं करूनही टकटकच चालू असेल तर सोलेनॉइडवर (बॅटरीचा करंट सेल्फला पोचवणारा स्विच) संशय घ्या.

सेल्फ एक झटका देऊन अडकतो आणि दुसऱ्यांदा फिरतो, असं असेल तर कधीकधी व्हॉल्व्ह सेटिंग बिघडलेलं असतं. ते आमच्यावर सोडा.

सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही, मग पेट्रोल नाहीतर स्पार्क. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि बऱ्याच मोवरच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते, त्यामुळे महिन्याभरापेक्षा जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका, कार्बोरेटरचं जेट चोंदतं. अर्धा तास चालून बंद पडतं आणि टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येऊन परत चालू होतं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू असेल तर इग्निशन कॉइल (प्लगला स्पार्क देणारी), पण स्पार्क गरम असतानाच तपासायला लागतो, थंड झाल्यावर काही कळत नाही.

ब्लेडजवळ हात घालायच्या आधी चावी काढून प्लगची कॅप ओढून ठेवा.

आणि एवढं करून नाहीच जमलं तर मशीन रुसलेलं असतानाच मोबाईलवर व्हिडिओ काढा, आवाजासकट, आणि आम्हाला व्हॉट्सॲप करा. त्यावरून काय सामान बरोबर आणायचं ते आधीच कळतं, म्हणजे दुसरी चक्कर आणि तिचा चार्ज दोन्ही वाचेल.