कुणीच न पाठवलेलं पॅकेट

रॉब टोपोल्स्की यांना जुन्या अमेरिकी बार्बरशॉप गाण्यांचं वेड होतं. चार गळे, एकही वाद्य नाही, नुसती सुरांची जुळणी असा तो प्रकार. ओरेगन राज्यात राहणारे हे नेटवर्क तंत्रज्ञ स्वामित्वहक्क केव्हाच संपलेली जुनी ध्वनिमुद्रणं आपल्या संगणकावरून इतर शौकिनांना द्यायचे. 2007 साली त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडून कुणालाच काही पोचत नाहीये. बिटटोरंटसारख्या सॉफ्टवेअरमधून फाइल जायला लागायची आणि जोडणी तुटायची. संगणक ठीक, वायर ठीक, सॉफ्टवेअरही ठीक. शेवटी त्यांनी येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट टिपून ठेवणारं सॉफ्टवेअर लावलं आणि त्या नोंदी वाचत बसले. नोंदींत ठिकठिकाणी एकच निरोप होता: जोडणी ताबडतोब बंद करा.

हा निरोप म्हणजे काय, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. इंटरनेटवर गाणं अखंड जात नाही. पाच एमबीच्या गाण्याचे साडेतीन हजारांच्या आसपास तुकडे, म्हणजेच पॅकेटं, होतात. प्रत्येक तुकड्यावर वीसेक बाइटांचं एक हेडर चिकटवलेलं असतं. हा तुकडा कितवा, समोरून कुठपर्यंतचं मिळालं, अशी माहिती त्यात असते. 1981 साली प्रमाणित झालेल्या टीसीपी या नियमावलीचं हे काम. तुकडा हरवला तर पुन्हा मागवायचा, उलटसुलट आले तर क्रमाने लावायचे, हे सगळं त्या हेडरच्या जिवावर चालतं. याच हेडरमध्ये आरएसटी नावाचा एक बिट असतो. तो 1 असला की अर्थ एकच: हे संभाषण मला माहीत नाही, इथेच थांबव. संगणक मधेच बंद पडून पुन्हा सुरू झाला, किंवा भलत्याच जोडणीचं पॅकेट येऊन आदळलं, तर असा बिट पाठवणं योग्यच असतं. समोरचा संगणक तो पाहतो आणि काही न विचारता जोडणी मिटवून टाकतो.

मग कुणीही असा खोटा निरोप पाठवून कुणाचीही जोडणी तोडू शकेल का? लांबून ते अवघड आहे. पॅकेटवरचा क्रमांक 32 बिटांचा, म्हणजे सुमारे 429 कोटी शक्यता, आणि खोट्या पॅकेटवरचा क्रमांक त्या क्षणी अपेक्षित असलेल्या छोट्या पट्ट्यात बसावा लागतो. पण जो वाटेतच बसला आहे त्याला अंदाज बांधायची गरजच नसते. तो हेडर वाचतो, क्रमांक उचलतो आणि दोन्ही बाजूंना एकमेकांच्या नावाने निरोप धाडतो. दोन माणसं फोनवर बोलत असताना मधल्या ऑपरेटरने एकाचा आवाज काढून दुसऱ्याला ‘ठेवतो आता’ म्हणावं, आणि मग दुसऱ्याच्या आवाजात पहिल्यालाही तेच सांगावं, तसं. दोघांनाही वाटतं की समोरच्यानेच फोन ठेवला.

ही चोरी पकडायची एकच खात्रीची रीत आहे. दोन्ही टोकांना एकाच वेळी नोंदी ठेवायच्या आणि मग त्या शेजारीशेजारी मांडायच्या. या टोकाला ‘बंद करा’ आलेलं दिसतं, पण त्या टोकाने ते पाठवल्याची नोंदच नाही, असं निघालं की बनावटगिरी सिद्ध. टोपोल्स्कींनी बोट ठेवल्यावर ऑक्टोबर 2007 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः चाचणी केली. फाइल निवडली ती किंग जेम्स बायबलची, म्हणजे चोरीच्या मालाचा प्रश्नच उद्भवू नये. तीही अडली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या ना-नफा संस्थेनेही प्रयोग करून तोच निष्कर्ष काढला. निरोप घुसडणारी यंत्रणा होती अमेरिकेतली सर्वांत मोठी केबल-इंटरनेट कंपनी कॉमकास्टची.

कॉमकास्टची अडचण खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. केबलचं जाळं मुळात टीव्हीसाठी टाकलेलं. घराकडे येणारा रस्ता रुंद, घरातून बाहेर जाणारा अगदी अरुंद, आणि तो सगळ्या वस्तीत वाटलेला. थोडे लोक सतत फाइली पाठवत राहिले तर बाकीच्यांची कोंडी होऊ शकते. पण उपाय काय केला? कोंडी आहे की नाही हे न पाहता ठरावीक सॉफ्टवेअरच्या जोडण्या तोडायच्या, त्याही लपूनछपून, आणि विचारलं की आधी हात वर करायचे. मला यात सर्वांत जास्त खुपतं ते हे लपवणं. इंटरनेट मंद झालं की माणूस आपल्याच संगणकाला दोष देतो. आपली जोडणी कुणी मुद्दाम तोडत असेल ही शंकासुद्धा त्याला येत नाही, आणि आली तरी सिद्ध कशी करणार?

नेमकी इथे संस्था लागते. 2003 साली स्थापन झालेली ‘फ्री प्रेस’ ही संस्था माध्यमांच्या मालकीपासून इंटरनेटच्या हक्कापर्यंतच्या प्रश्नांवर काम करते. कंपन्या, सरकार किंवा राजकीय पक्ष यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असा तिचा नियम आहे. नोव्हेंबर 2007 मध्ये ‘फ्री प्रेस’ आणि ‘पब्लिक नॉलेज’ यांनी हा सगळा पुरावा घेऊन अमेरिकेच्या संघीय संचार आयोगाकडे, म्हणजे एफसीसीकडे, दाद मागितली. फेब्रुवारी 2008 मध्ये हार्वर्डला जाहीर सुनावणी झाली. तिथे आपल्या लोकांसाठी जागा धरून ठेवायला कॉमकास्टने पैसे देऊन माणसं बसवली होती. कंपनीने हे नंतर कबूलही केलं. 1 ऑगस्ट 2008 रोजी आयोगाने 3 विरुद्ध 2 मतांनी निर्णय दिला: ही पद्धत चुकीची आहे, बंद करा.

त्यानंतर जे झालं ते या गोष्टीतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची आठवण फारच कमी जणांना असते. कॉमकास्टने दुसरी पद्धत आणली. कोणतं सॉफ्टवेअर चालू आहे हे बघायचंच नाही. वस्तीतला रस्ता खरोखर भरला असेल तेव्हा, आणि तेवढाच वेळ, त्या क्षणी सर्वाधिक वापर करणाऱ्यांची पॅकेटं थोडी मागे ठेवायची. या पद्धतीचं वर्णन 2010 साली आरएफसी 6057 या क्रमांकाने इंटरनेटच्या जाहीर तांत्रिक दस्तऐवजांत आलं. म्हणजे न्याय्य उपाय अभियंत्यांच्या आवाक्यातला होता. तो शोधायला कुणीतरी भाग पाडावं लागलं.

कायद्याच्या बाजूने मात्र आजतागायत झोके चालू आहेत. 2010 मध्ये न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला, कारण आयोगाला तसा अधिकारच नाही. 2015 मध्ये आयोगाने इंटरनेट सेवेला टेलिफोनसारख्या सार्वजनिक सेवेच्या वर्गात टाकून नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे कंपनीने कुणाच्याही पॅकेटशी भेदभाव न करण्याचे, पक्के नियम केले. ते 2017 मध्ये काढून टाकले, 2024 मध्ये परत आणले, आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने तेही मोडीत काढले. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने 2018 मध्ये केलेला स्वतःचा कायदा तेवढा टिकून आहे.

पॅकेटच्या आधी अशीच लढाई रेडिओच्या लहरींवर झाली होती, आणि तिथेही भांडण अखेर मोजमापावर येऊन थांबलं. 1996 च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती रेडिओ केंद्रं असावीत यावरची मर्यादा उठवली. काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे 1200 हून जास्त केंद्रं गेली. गावची बातमी गावात तयार होईनाशी झाली. जानेवारी 2000 मध्ये आयोगाने यावर एक लहानसा उतारा काढला. जास्तीत जास्त 100 वॅटची, साडेपाच किलोमीटरच्या आसपास ऐकू जाणारी एफएम केंद्रं ना-नफा गटांना द्यायची. मोठी केंद्रं 1 लाख वॅटपर्यंत जातात, त्यापुढे ही पणतीच.

तरी बड्या प्रसारकांची संघटना विरोधात उतरली, आणि खंत याची की एनपीआर हे सार्वजनिक रेडिओचं जाळंही तिच्या बाजूने होतं. मुद्दा होता लहरींच्या गर्दीचा. अमेरिकेत एफएम केंद्रांच्या जागा 0.2 मेगाहर्ट्झच्या अंतराने आखलेल्या आहेत. समजा एक केंद्र 100.1 वर आहे. मग 100.3 हे पहिलं शेजारी, 100.5 दुसरं आणि 100.7 तिसरं. या तिसऱ्या जागेवर 100 वॅटचं केंद्र आलं तर 100.1 ऐकणाऱ्याला खरखर होईल का? रेडिओच्या आत गाळणी असते. हव्या त्या वारंवारितेच्या आजूबाजूचं ती जाऊ देते, लांबचं अडवते, आणि 0.6 मेगाहर्ट्झ हे तिच्या दृष्टीने बरंच लांब. शिवाय एफएमचा एक गुण असा की दोन लहरी एकाच वेळी आल्या तरी जी जोरकस असते तिलाच रेडिओ धरून ठेवतो. तेव्हा त्रास झालाच तर तो पणतीच्या अगदी पायथ्याशी असणाऱ्या मोजक्या घरांना.

प्रसारकांच्या संघटनेने मात्र खासदारांना एक सीडी वाटली. एका कार्यक्रमात दुसरा कार्यक्रम मिसळून कसा गोंगाट होईल ते तीत ऐकवलं होतं. आयोगाच्या अभियंत्यांनी ही सीडी दिशाभूल करणारी आहे असं स्पष्ट सांगितलं, पण कानांनी ऐकलेलं आकृत्यांपेक्षा जास्त पटतं. वर्षअखेरीस संसदेने कायदा करून या लहान केंद्रांना तिसरी जागाही बंद केली. शहरांतल्या डायलवर दुसरी मोकळी जागा नव्हतीच. त्यामुळे शहरांना ही केंद्रं मिळेनात.

त्याच कायद्यात एक कलम होतं: त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्या. मायटर या संस्थेने प्रत्यक्ष जागेवर छोटे प्रक्षेपक उभारून, निरनिराळे रेडिओ संच लावून ऐकून पाहिलं. 2003 मधला तिचा अहवाल सांगतो की तिसऱ्या जागेवरच्या लहान केंद्रांमुळे म्हणण्यासारखा अडथळा होत नाही. काम झालं असं कुणालाही वाटेल. पण अहवालाचं कायद्यात रूपांतर व्हायला 4 जानेवारी 2011 उजाडावा लागला. मधली साडेसात वर्षं फिलाडेल्फियाच्या ‘प्रोमीथियस रेडिओ प्रोजेक्ट’सारख्या संस्था तोच अहवाल हातात घेऊन खासदारांच्या दारी फिरत राहिल्या. चिकाटीचं हे काम मोजमाप करणारा शास्त्रज्ञ करत नाही. त्याचा अहवाल पूर्ण झालेला असतो. तो वाचून दाखवायला, पुन्हा वाचून दाखवायला, नवे खासदार निवडून आले की त्यांना पहिल्यापासून सांगायला पगारी आणि बिनपगारी माणसं लागतात. मी अशा संस्थांच्या बाजूने आहे तो याचसाठी.

प्रोमीथियसचे कार्यकर्ते आणखी एक करायचे. शेकडो स्वयंसेवक एका शनिवार-रविवारी जमून एखाद्या गावाचं केंद्र पूर्ण उभं करून द्यायचे: मनोरा, अँटेना, स्टुडिओ, सगळं. फ्लोरिडातल्या इमोकली इथे टोमॅटो तोडणाऱ्या शेतमजुरांच्या संघटनेचं केंद्र 2003 च्या डिसेंबरात असंच उभं राहिलं. तिथले मजूर मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेले. त्यांच्याच बोलीत मजुरीचे हक्क सांगणारा आवाज शंभर वॅटांवर घरोघर पोचू लागला.

आता नकाशाकडे वळू. इंटरनेट कुणाकडे नाही हे ठरवायला आयोग कंपन्यांकडून माहिती घ्यायचा. हिशेबाचा घटक होता जनगणनेचा ब्लॉक. देशात असे सुमारे 1 कोटी 10 लाख ब्लॉक. शहरात ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधला चौकोन, पण ग्रामीण भागात तो मैलोन्‌मैल पसरतो. नियम असा की ब्लॉकमधल्या एकाही घराला कंपनी सेवा देत असेल, किंवा लवकर देऊ शकत असेल, तर सगळा ब्लॉक ‘सेवा आहे’ म्हणून रंगवायचा. शितावरून भाताची परीक्षा ठीक, पण इथे एक शीत शिजलं म्हणून अख्खं पातेलं पानात वाढलं जात होतं. टेकडीपलीकडच्या घरात केबल नाही, आणि सरकारी अनुदानही नाही, कारण नकाशावर ते घर आधीच जोडलेलं.

फेब्रुवारी 2019 मध्ये आयोगाने जाहीर केलं की वेगवान इंटरनेटपासून वंचित लोकांची संख्या एका वर्षात 2 कोटी 61 लाखांवरून 1 कोटी 94 लाखांवर आली. ‘फ्री प्रेस’च्या संशोधकांनी मूळ आकड्यांच्या फाइली उघडल्या. बॅरियरफ्री नावाची एक लहानशी कंपनी आधीच्या आकड्यांत कुठेच नव्हती. एका फटक्यात ती आठ राज्यांतल्या झाडून सगळ्या ब्लॉकांत, जवळपास 6 कोटी 20 लाख लोकांना फायबर पुरवत असल्याचं दिसत होतं. फॉर्म भरतानाची ही चूक आयोगाच्या तपासणीतून सहज निसटली आणि सरकारी यशाचा आकडा बनली. मार्चमध्ये संस्थेने ती दाखवून दिली. मे महिन्यात आयोगाने आकडा दुरुस्त केला: 2 कोटी 13 लाख. एका फॉर्मने सुमारे 19 लाख माणसं कागदावर जोडून टाकली होती.

2020 मध्ये कायदा होऊन ब्लॉकची पद्धत मोडीत निघाली. नोव्हेंबर 2022 पासूनच्या नव्या नकाशात प्रत्येक घर हा वेगळा ठिपका आहे. 2021 च्या कायद्याने ब्रॉडबँडसाठी ठेवलेले 42.45 अब्ज डॉलर राज्यांना वाटताना याच ठिपक्यांची मोजणी धरली गेली. आता तिथला कुणीही आपला पत्ता नकाशात शोधून बघू शकतो. कंपनी सेवा देते असं नकाशात लिहिलंय, पण तिने जोडणी द्यायला नकार दिला, ठरल्या मुदतीत माणूसच पाठवला नाही, किंवा नेहमीच्या दरापेक्षा जास्त पैसे मागितले, तर त्याचं पत्र किंवा ईमेल जोडून हरकत नोंदवता येते. कंपनीला 60 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हरकत खरी ठरली तर तो ठिपका बदलतो.